तिसरा रकाना

रिकामा रकाना मला सहन होत नाही. लहानपणी आई म्हणायची, केतकीच्या ताटात चटणी आणि मीठसुद्धा आखून वाढावं लागतं. पुढे नोकरीत या खोडीचं कौतुकच झालं. जिल्ह्याच्या प्रमाणपत्र केंद्रात मानसतज्ज्ञ म्हणून मला तीस वर्षं होत आली, आणि मगदूम मॅडमनी भरलेला फॉर्म मुंबईहून कधी परत येत नाही, असं आमचे शिपाईसुद्धा नव्या माणसाला सांगतात. मला त्याचा गर्व होता. आता कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलते.

बौद्धिक अक्षमतेचं निदान तीन रकान्यांवर उभं असतं. पहिला बुद्धीचा. ठोकळे, चित्रं, शब्द, कोडी. सरासरी माणसाचा अंक शंभर धरला तर सत्तरच्या आसपास किंवा त्याखाली आलेला अंक आम्हाला थांबून विचार करायला लावतो. पण सत्तर म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. त्याच माणसाला उद्या बसवलं तर अडुसष्ट येईल, परवा त्र्याहत्तर. म्हणून अंकाबरोबर 'अधिक-उणे पाच' लिहायचं असतं. ते लिहायला विसरलेल्या शिकाऊ पोरापोरींना मी इतकी झापली आहे की माझ्या माघारी माझं नावच 'अधिक-उणे' पडलं होतं.

दुसरा रकाना रोजच्या जगण्याचा. साठ अंकाची एक बाई भाजीचा गाळा चालवते, दुसरीला आपल्या पोलक्याचं बटण लावता येत नाही. दोघींचा पहिला रकाना सारखा, पण कुणाला किती आधार लागणार हे दुसऱ्यावर ठरतं. माझ्या मते खरं निदान तिथंच असतं. आणि तिसरा रकाना सुरुवातीचा. ही अडचण वाढीच्या वयात सुरू झालेली असली पाहिजे. चाळिशीत अपघातात डोक्याला मार बसून बुद्धी गेली तर त्या आजाराचं नाव वेगळं.

हा तिसरा रकाना पूर्वी आयांना विचारून भरायचा. आया तारखा सांगत नाहीत. "नागपंचमीला पालथी पडली, ऊसतोड सुरू झाली तवा बसायला लागली, आन् बोलली ती थेट थोरल्या दिराच्या लग्नात." त्यावरून मी महिने काढायची. मला ते आवडायचं, पण रकान्यात शेवटी लिहावं लागायचं 'अंदाजे', आणि तो शब्द मला खड्यासारखा लागायचा.

मग दंतवाचक आला.

कल्पना साधीच होती. आपली पहिली मोठी दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत तिचं बांधकाम जन्माआधीच, पोटातल्या शेवटच्या महिन्यांत सुरू झालेलं असतं. रोज एक अगदी पातळ थर चढतो, आणि त्या दिवशी रक्तात जे काही असेल त्याचा अंश त्या थरात कायमचा अडकतो. जन्माच्या दिवशीची तर वेगळी रेघच उमटते. पोटातलं जग सुटून बाहेरचं सुरू झाल्याची ती खूण. पूर्वी हे वाचायला पडलेला किंवा काढलेला दात प्रयोगशाळेत नेऊन कापावा लागे. नवं यंत्र दाताच्या कडेला केसाहून बारीक लेझरचा टिपका मारायचं, त्यातून उडालेली धूळ हुंगायचं, आणि सहा मिनिटांत सांगायचं: जन्माआधी हे, जन्मानंतर अमुक महिन्यात ते. शिसं, पारा, उपासमार, मोठा ताप, सगळं.

यंत्राचा हेतू चांगला होता, आजही आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. एकाच गावातल्या चार मुलांच्या दातांत एकाच काळात शिसं सापडलं तर ते कुठून आलं हे शोधता येतं आणि पाचवं मूल वाचतं. त्यासाठी फॉर्ममध्ये तिसऱ्या रकान्याला दोन नव्या ओळी जोडल्या गेल्या. एक, 'संपर्काचा काळ: महिना … ते महिना …'. दुसरी, 'त्या काळातील सांभाळकर्ता'. तपासनिसाला कुणाकडे जाऊन काय विचारायचं हे कळावं, एवढ्यासाठीच ती दुसरी ओळ होती. नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नसे.

प्राजू आली ती यंत्र बसवल्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये. प्राजक्ता तानाजी शेंडुरे, वय बावीस, राहणार माणकेवाडी. हुपरीच्या बाजूची चांदीकाम करणारी वाडी. घरोघर पैंजण घडतात, बाया कड्या वळतात, त्या झाळून जोडतात, घुंगरू ओवतात. प्राजूबरोबर तिची आई अर्चना होती आणि आत्या कला. आत्याचं लग्न वर्षभरात मोडलं होतं, तेव्हापासून ती भावाकडेच राहत होती. प्राजू उंच, गोरीपान, हसरी. आत येताच तिनं माझ्या पायांकडं बघून विचारलं, "पैंजण न्हाईत?"

"नाहीत गं," मी म्हटलं.

"आत्या, हिला दे," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

पहिला रकाना दोन तासांत झाला. चोपन्न, अधिक-उणे पाच. दुसऱ्यासाठी मी दोघींना समोर बसवलं. इथं प्रश्न विचारायची एक पद्धत असते. 'येतं का' असं विचारलं की आई 'येतं' म्हणते. आपल्या लेकराला उणं कोण म्हणेल? म्हणून 'शेवटचं कधी केलं' असं विचारायचं.

"अंघोळ स्वतःची स्वतः करते?"

"करती की," अर्चना म्हणाली.

"शेवटची कधी केली?"

"आज सकाळीच."

"पाणी कुणी काढलं?"

अर्चनानं नणंदेकडं बघितलं.

"पाणी मी काढलं," कला म्हणाली. "साबण हातात दिला आन् 'आता पाय' म्हटलं की पाय धुती, 'आता पाठ' म्हटलं की पाठ. माझं नुस्तं तोंड चालतंय बगा. हात तिचंच."

प्रत्येक प्रश्नाला हेच निघालं. जेवण, कपडे, दुकानातून साखर आणणं. काम प्राजूचं, पण त्याच्या सुरुवातीला आत्याचा एक शब्द. प्राजूला दहाच्या पुढं मोजता येत नव्हतं, तरी ती पैंजणाला तीस घुंगरू बिनचूक लावायची. आत्यानं एका फळीवर खिळ्यानं खुणा केल्या होत्या. खुणेवर घुंगरू नसला की एक राहिला. इतकी सोपी युक्ती मला इतक्या वर्षांत कुणी दाखवली नव्हती. दुसरा रकाना एकसष्टवर गेला. चोपन्न बुद्ध्यांकाच्या मुलीला एकसष्ट! मी कलाला म्हटलंसुद्धा, "ताई, ह्यातले निम्मे गुण तुमचे आहेत."

ती लाजली. "मला दुसरं काम काय हाय, मॅडम?"

दंतवाचकाच्या खोलीकडं निघालो तेव्हा अर्चना मागं रेंगाळली. माझा हात धरून हळू म्हणाली, "बाई, त्या मशीनमधनं कळतंय म्हणं, कवा झालं ते?"

"कळतं."

"मग मला एवढं लिहून द्या, की माझ्या पोटात असताना झालं न्हाई."

तिला सातवा महिना असताना ग्रहण होतं, आणि तिनं दुपारी वांगी चिरली होती. एवढंच. पोर वेगळी निघाल्यावर सासूनं ते धरून ठेवलं. विळीनं पोरीचं डोकं चिरलंस, म्हणायची. सासू जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण बोल मागं राहिला होता. गल्लीत कुणाच्या सुनेला दिवस गेले की अर्चनाचं नाव निघायचं: तिच्यासारखं करू नगंस. नवरा चांगला होता, तो काही बोलायचा नाही. पण नाही बोलला म्हणून त्याच्या मनात नसेल, असं तिला वाटत नव्हतं.

"ग्रहणानं काही होत नसतं," मी म्हटलं.

"ते तुमी म्हणताय. कागद म्हणू दे."

मला ते मनापासून पटलं. आयुष्यभर मी ज्या रकान्यात 'अंदाजे' लिहीत आले, त्यातून एका बाईची सुटका होणार होती.

प्राजू यंत्राला घाबरली. कला तिच्यासमोर बसली, आपलं तोंड मोठ्ठं उघडलं, आणि प्राजूनं उघडेपर्यंत तसंच उघडं ठेवलं. सहा मिनिटं दोघी एकमेकींसमोर आ वासून बसल्या होत्या. मला हसू आवरेना.

पडद्यावर आलेख आला. जन्माच्या रेघेच्या अलीकडे सगळं स्वच्छ. मी अर्चनाला बोटानं दाखवलं. "ही बघा, ही जन्माची रेघ. तिच्याआधी काही नाही. पोटात असताना तुमच्या मुलीला काहीही झालेलं नव्हतं."

ती नुसती बघत राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. कला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "म्हटलं हुतं का न्हाई मी? म्हटलं हुतं का न्हाई?" कलाच्या डोळ्यांतही पाणी होतं. त्या घटकेला त्या खोलीत आम्ही तिघीही सुखी होतो. इथंच मी यंत्र बंद करायला हवं होतं.

पण आलेख पुढं होता. जन्मानंतर शिशाचा एक उंच डोंगर, आठव्या महिन्यापासून तेराव्यापर्यंत. आणि खाली बारीक करड्या अक्षरांत: अधिक-उणे पाच महिने. दात प्रत्येकाचा आपल्या गतीनं वाढतो, म्हणून ती पुस्ती. फॉर्ममध्ये तिला जागा नव्हती. दोन चौकटी होत्या, दोन आकडे बसत होते.

"आठवा ते तेरावा महिना," मी म्हटलं. "तेव्हा काय झालं होतं आठवतंय?"

अर्चना डोळे पुसत म्हणाली, "न आठवाय काय झालं? मी मिरजंला दवाखान्यात हुते. पाठीच्या मणक्याचा टीबी. हिला आठवा लागला तवा गेले, आन् आले ती तेरावा लागल्यावर."

आकड्यांना आकडा असा चपखल बसला की मला आनंद झाला. हो, आनंदच. "मग तेव्हा हिला सांभाळलं कुणी?"

"मी," कला म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. "दुसरं कोण? वाटीनं दूध पाजलं तिला. मागच्या पडवीत कामाला बसायची, तर पोरीला जुन्या लुगड्यानं खांबाला बांधायची, लांब जाऊ नये म्हणून. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढं."

"त्या पडवीत काय काय काम चालायचं?"

"झाळकाम. आन् बाबा केर गाळायचं." चांदीकामाच्या घरात झाडून काढलेली धूळसुद्धा टाकत नाहीत, तिच्यात चांदीचे कण असतात. डब्यात साठवतात आणि वर्षा-दोन वर्षांनी गाळायला देतात. कलाच्या वडिलांना ते बाहेर देणं पटत नसे. ते घरीच भट्टी लावून, शिसं घालून गाळायचे.

मी टाइप करत होते. सांभाळकर्ता: कला. स्थळ: मागील पडवी. सगळे रकाने भरत चालले होते.

"मॅडम," कलानं विचारलं, "दातात सापडलंय ते शिसं, म्हंजे बाबा गाळायला घालायचं तेच का?"

"तेच," मी म्हटलं, आणि 'पाठवा' दाबलं. मी मान वर केली नाही. केली असती तर तिचा चेहरा दिसला असता.

यंत्रानं मला फसवलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. शिसं होतं हे खरं होतं. पण शिशामुळेच प्राजू अशी झाली का, हे ते सांगत नव्हतं. तसा दावाही करत नव्हतं. आणि करडी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या रकान्यात 'अधिक-उणे' विसरणाऱ्यांना फाडून खाणारी मी, तिसऱ्या रकान्यात ते सोयीनं विसरले. कारण गोष्ट जुळली होती.

पुढचं मला दोन वर्षांनी कळलं. प्रमाणपत्राचा दुसरा रकाना दर दोन वर्षांनी नव्यानं तपासायचा असतो. या खेपेला प्राजूबरोबर आई आणि वडील होते. प्राजूचे केस पोरासारखे कापलेले. पोलक्याची बटणं एक घर सोडून लागलेली. मी विचारलं तेव्हा अर्चना म्हणाली, "रोज इंचरायचं म्हंजे घंटाभर लागतोय, बाई. किती करू?"

अंघोळीला प्राजू आता नळाखाली नुसती उभी राहत होती. कुणी शब्द टाकला तर हात हलणार, आणि शब्द टाकायला कुणाला सवड नव्हती. फळी माळ्यावर होती.

ठरलेला प्रश्न होता. "प्राजू, घरात कोण कोण राहतं?"

"आई, पप्पा, आत्या," ती म्हणाली.

"आत्या न्हाई म्हणून किती डाव सांगायचं गं तुला?" अर्चना करवादली. प्राजू माझ्याकडं बघून हसली आणि पुन्हा म्हणाली, "आत्या."

नियमानं ते उत्तर चूक. मी चुकीची खूण केली. दुसरा रकाना शेहेचाळीसवर आला.

"कलाताई कुठं असतात?" मी विचारलं.

तानाजीनं खाली बघितलं. तो कष्टाळू, अबोल माणूस. बोटं झाळून काळी पडलेली. "आपलेच दात आन् आपलेच ओठ, मॅडम," एवढंच म्हणाला. मग अर्चनानं सांगितलं.

अहवाल त्याच संध्याकाळी तानाजीच्या फोनवर गेला होता. तिला वाचायचा कंटाळा, म्हणून तिनं फोनलाच वाचायला सांगितलं. अंगणात शेजारच्या चार बाया बसल्या होत्या. अर्चनाला त्यांना ऐकवायचंच होतं. फोननं आधी जन्माआधीचं वाचलं आणि बायांनी तोंडाला पदर लावला. मग फोन पुढं वाचत गेला: विषारी धातूचा संपर्क, महिना आठ ते तेरा, त्या काळातील सांभाळकर्ता, कला.

"बावीस वर्सं मी ऐकून घेतलं, बाई," अर्चना म्हणाली. "माझ्या पोटाला नावं ठेवली समद्यांनी. आन् करणारी माझ्या शेजारी बसून भाकरी खाईत हुती. मी तिला म्हटलं, तू माझ्या पोरीला इख चारलंस. तुला पोर न्हाई म्हणून माझीला तसली करून ठिवलीस, जल्मभर तुझ्या मागं फिराय."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. पिशवी भरली आन् गेली. भांडली असती तर बरं झालं असतं." अर्चनानं प्राजूचं चुकलेलं बटण सोडून नीट लावलं. "दिवाळीला आल्ती. दारात हुबी ऱ्हायली. मी पोरीला आत घेतली आन् दार लावलं."

माझ्या अहवालावरून तपासनीस आले होते, तेही तिनं सांगितलं. पडवीची माती हातभर खणून नेली. गल्लीतल्या आणखी दोन घरांत भट्ट्या सापडल्या, त्या बंद झाल्या, तिथल्या दोन लहान पोरांवर वेळेत उपचार झाले. ती दोन्ही आज शाळेत जातात. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या फॉर्मनं वाईटच झालं असं म्हणणं खोटं ठरेल.

ते गेल्यावर मी जुनी नोंद उघडली. आठ ते तेरा, अधिक-उणे पाच. म्हणजे तीन ते अठरा. मी अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून एक साधी बेरीज-वजाबाकी केली नव्हती. सुरुवात अर्चना घरी असतानाचीही असू शकत होती, शेवट ती परतल्यानंतरचाही. मिरजेचे पाच महिने त्या काळाच्या पोटात होते एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही म्हणता येईना, कारण चोर कुणी नव्हताच. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, सही केली, आणि पाठवायच्या आधी कलाला स्वतः सांगायचं ठरवलं. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं तरी.

निपाणीच्या रस्त्यावर मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथं ती स्वयंपाकाला असल्याचं तानाजीनं फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळी गेले. पाठमोरी बसून भाकऱ्या थापत होती. वाळली होती. मला बघून घाईनं उठली. "प्राजूला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे. बसा तुम्ही."

मी सगळं सांगितलं. करडी ओळ, पाच महिने इकडं, पाच तिकडं. माझी चूक, यंत्राची नव्हे. ती ऐकत होती आणि भाकरी थापत होती. मग तिचा हात थांबला.

"तिसऱ्या महिन्यापासनं? म्हंजे अर्चना घरात हुती तवा?"

"असू शकतं. मिरजेहून आल्यावरही असू शकतं. तुमचे वडील कधी गेले?"

"प्राजू दीड वर्साची हुती तवा. मग भट्टी मोडली." ती हिशेब करत होती. "तवा आमी दोघी शेजारीच बसायचो. मी झाळायची, ती कड्या वळायची. पोरगी तिच्या पदराखाली. तिथंच पाजायची ती."

"तेच मी म्हणते आहे. दोष कुणा एकीचा नाही. घरच तसं होतं. हे पत्र गेलं की अर्चनाला कळेल, तुम्हाला परत जाता येईल."

"तुमी म्हणताय कुणाचाच न्हाई. तिला तसं वाटंल व्हय?" कला माझ्याकडं बघत होती. "ती म्हणंल, माझ्या दुधातनं गेलं. माझ्या मांडीवर गेलं. पोटातलं निघालं, तर आता पदराखालचं आलं."

तिचं म्हणणं खरं होतं. अर्चनाला मी ओळखत होते. ती तसंच म्हणणार होती.

"आणि प्राजू?" मी शेवटी म्हटलं. "घरात कोण कोण असं विचारलं की ती अजून तुम्हाला मोजते."

पिठाचा हात तिनं तोंडावर दाबला. मग विचारलं, "तुमी काय लिवलंत?"

"चूक लिहिलं," मी म्हटलं. "तसा नियम आहे."

तिनं मान हलवली. ती माझ्यावर रागावली नाही, आणि ते मला फार जड गेलं.

"पत्र नका धाडू, मॅडम."

"ताई, प्राजू रोज मागं पडते आहे. तुमच्याशिवाय तिचं होत नाही."

"मला कळत न्हाई व्हय?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "रोज दहा वाजले की मला वाटतंय, आता अंघोळ झाली नसंल पोरीची. पण मी नसले तर आई हाय तिला. आईच खचली तर कोण हाय? ती बया रोज गल्लीतनं ताठ मानेनं चालती, तानाजी सांगतो. लोकांच्या सुनांच्या डोहाळजेवणाला जाती. आदी कुणी बोलवत न्हवतं तिला." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. "तिनं बावीस वर्सं सोसलं. मला दोनच झाली. इतक्यात कुठं काढून घेताय?"

मी पत्र पिशवीत टाकून निघाले. ते अजून पाठवलेलं नाही. पाठवायला हवं होतं, असं आठवड्यातून चार दिवस वाटतं. उरलेल्या दिवशी कलाचं खरं वाटतं. मध्ये आणखी दोन वर्षं गेली. गेल्या सोमवारी प्राजू पुन्हा आली होती, आईबरोबर. घरात कोण कोण, असं मी विचारलं. ती विचारात पडली, मग म्हणाली, "आई. पप्पा."

मी बरोबरची खूण केली. दुसरा रकाना एकोणचाळीस आला.